बर्फाखालचा मासा शोधताना

(शेततळ्यातील मत्स्यपालनावरील शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय शेततळ्यातील मासे हा आहे आणि मी बोलण्याची सुरुवात मात्र बर्फापासून करणार आहे. त्याचे कारण शेवटी सांगेन. तोपर्यंत थोडा धीर धरावा.

मी कृषिविद्येचा अध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी अभ्यासानिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एक हिवाळा काढण्याचा योग आला. तिकडे मका आणि सोयाबीनची काढणी साधारण नोव्हेंबरपर्यंत उरकते. पुढे मार्चपर्यंत जमीन गोठलेली असते. त्या राज्यात दहा एकरांहून मोठे असे ११ हजारांवर तलाव आहेत आणि तेही गोठतात. अशा दिवसांत तेथील शेतकरी तलावाच्या बर्फावर चालत जातो, बर्फाला भोक पाडतो आणि त्यातून गळ सोडून मासे धरतो. मला एका वयस्क दूध उत्पादक शेतकऱ्याने आपल्याबरोबर नेले होते. पाणी अजिबात दिसत नसताना हा माणूस मासा नेमका कोठे असेल हे आधी सांगत असे आणि बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरे ठरे. आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. हा मनुष्य मात्र पाण्यातल्या म्हशीची जागा, खोली आणि वेळ मोजूनच बोलत असे.

क्रॅपी माशाची ओळख

त्याचा आवडता मासा म्हणजे क्रॅपी. हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला मासा असून त्याच्या काळा व पांढरा अशा दोन जाती आहेत. अंग चपटे आणि रुंद, रंग रुपेरी, त्यावर काळे ठिपके. साधारण मासा २० ते ३० सें.मी. लांबीचा असतो. खाण्यास चविष्ट असल्याने त्याला मोठी मागणी असते.

या माशाच्या चार सवयी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढची सर्व रीत त्यावरच अवलंबून आहे.

१) तो थव्याने राहतो. एक सापडला की जवळपास आणखी असतात.
२) तो बहुधा तळाशी न बसता पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहतो.
३) त्याचे डोळे मोठे असतात. कमी उजेडात त्याला चांगले दिसते, म्हणून पहाटे आणि दिवस मावळताना तो अधिक खातो.
४) त्याची नजर वरच्या बाजूस असते. डोक्यावरचे भक्ष्य तो उचलतो, खाली पडलेल्या भक्ष्याकडे सहसा वळत नाही.

बर्फाखालचे पाणी

मासा शोधण्यापूर्वी पाणी समजून घ्यावे लागते. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर येते. त्यामुळे गोठलेल्या तलावात बर्फाला लागून शून्य अंशाच्या जवळचे पाणी आणि तळाशी ४ अंशांच्या जवळचे पाणी अशी रचना असते. म्हणजे हिवाळ्यात तळ हाच उबदार भाग होय.

मग सर्व मासे तळाशीच का जात नाहीत? कारण प्राणवायू. बर्फाचे झाकण बसले की हवेतून पाण्यात प्राणवायू मिसळणे थांबते. पारदर्शक बर्फातून ऊन आत जाते तोवर पाणवनस्पती आणि शेवाळ थोडाफार प्राणवायू तयार करतात. पण बर्फावर भुसभुशीत हिमाचा जाड थर साचला की आत अंधार होतो. वनस्पती मरतात, कुजतात, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो. ही कुजण्याची क्रिया तळाच्या गाळात चालते, म्हणून प्राणवायू आधी तळाशी संपतो आणि ती कमतरता हळूहळू वर सरकते. उथळ व गाळाच्या तलावांत कधी कधी सगळाच प्राणवायू संपतो आणि बर्फ वितळल्यावर काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो.

तेव्हा माशाला खाली ऊब आहे पण श्वास नाही, वर श्वास आहे पण ऊब नाही. या दोहोंच्या मध्ये, जेथे खाद्यही मिळेल अशा थरात तो उभा राहतो. तो थर ओळखणे म्हणजेच मासा ओळखणे.

कोणत्या काळात कोठे शोधावा

बर्फ नवा असताना: हिवाळ्याच्या आरंभी उथळ खाडीसारख्या भागात, साधारण ६ ते १५ फूट पाण्यात पाणवनस्पती अजून हिरव्या असतात. तेथे प्राणवायू असतो, किडे असतात, बारीक मासे असतात. क्रॅपी या हिरव्या पट्ट्याच्या कडेला मिळतो. वनस्पती तपकिरी होऊन लोळल्या असतील तर तेथे वेळ घालवू नये.

ऐन हिवाळ्यात: वनस्पती मेल्यावर थवे खोल भागाकडे, २० ते ३५ फूट पाण्याकडे सरकतात. तेथे ते तळापासून काही फूट वर तरंगतात. दिवस मावळू लागला की तळाच्या गाळातील किड्यांच्या अळ्या आणि सूक्ष्म प्राणी वर चढू लागतात आणि त्यांच्यामागे क्रॅपीही वर येतो. दुपारी २५ फुटांवर असलेला थवा रात्री १५ फुटांवर सापडू शकतो.

बर्फ वितळू लागल्यावर: हिवाळ्याच्या अखेरीस वितळलेले पाणी भोकांतून, भेगांतून आणि ओढ्यांच्या मुखातून आत उतरते व आपल्याबरोबर प्राणवायू आणते. मासे पुन्हा उथळ भागाकडे वळतात, काही तर बर्फाच्या अगदी खाली फिरतात. मासा भरपूर मिळण्याचा हा काळ आहे आणि बर्फ सर्वांत फसवा असण्याचाही हाच काळ आहे.

शोधण्याची रीत

तो शेतकरी घरून निघताना तलावाच्या खोलीचा नकाशा घेऊन निघे. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने अनेक तलावांचे असे नकाशे तयार केलेले आहेत. आपल्या समपातळी रेषांच्या नकाशासारखेच ते असतात, फक्त पाण्याखालच्या जमिनीचे. त्यावरून उतार कोठे संपतो आणि खोल खड्डा कोठे सुरू होतो हे पाहून तो जागा निश्चित करी.

जागेवर पोहोचल्यावर ऑगरने भोके पाडली जातात. फळझाडांसाठी खड्डे घेण्याचा ऑगर आपण पाहिला आहे, त्याचाच हा धाकटा भाऊ. भोक ६ ते ८ इंच व्यासाचे असते. एकच भोक पाडून दिवसभर बसायचे नाही, तर उतारापासून खोल भागापर्यंत ओळीने दहा-बारा भोके पाडायची आणि एकामागून एक तपासायची, ही त्याची पद्धत होती. दहा-पंधरा मिनिटांत हालचाल दिसली नाही तर पुढच्या भोकाकडे जायचे.

तपासण्यासाठी आता ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र वापरतात. त्याचा संवेदक भोकातून पाण्यात सोडला की तळ किती फुटांवर आहे, मधे मासा किती खोलीवर आहे आणि आपला गळ कोठे लटकतो आहे हे तिन्ही पडद्यावर दिसते. यंत्र नसेल तर दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजतात. आपल्या गवंड्याचा ओळंबा असतो तसेच. दोरीवर दर फुटाला खूण केलेली असते. गळ मग एक-एक फूट वर घेत प्रत्येक थर चाचपायचा.

पकडण्याची रीत

थंड पाण्यात माशाच्या शरीराचे सर्व व्यवहार मंदावतात. त्याला भूक कमी, धावण्याची इच्छा त्याहून कमी. म्हणून सामान लहान व नाजूक असावे लागते. दोन ते अडीच फुटांची काठी, २ ते ४ पौंड ताण सोसणारा बारीक तंगूस, एक-दोन ग्रॅम वजनाचा रंगीत गळ आणि त्यावर मेणकिड्याची अळी किंवा बारीक मासा एवढे पुरते.

आमिष नेहमी माशाच्या थोडे वर, फूट-दीड फूट वर ठेवावे. मासा खाली पाहत नाही हे आपण वर ऐकलेच आहे. गळ दोन-चार वेळा हलकेच थरथरवावा आणि मग स्थिर धरावा. बहुतेक मासे गळ स्थिर असताना तोंड लावतात. क्रॅपी खालून येऊन आमिष वर उचलतो, त्यामुळे ओढ जाणवण्याऐवजी तंगूस एकदम सैल पडतो. नवखा माणूस ओढीची वाट पाहत बसतो आणि मासा निघून जातो. सैल पडताच काठी अलगद उचलावी. या माशाच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, हिसका दिला तर ती फाटते आणि मासा निसटतो.

बर्फावरील दक्षता

तिकडे जाणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांच्याही उपयोगाचे म्हणून हे सांगतो. नवा, स्वच्छ, निळसर बर्फ किमान ४ इंच जाड असल्याशिवाय त्यावर पायी जाऊ नये, असे त्या राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा असतो, तेथे दुप्पट जाडी हवी. एका ठिकाणी जाडी मोजली म्हणजे सगळीकडे तेवढीच असेल असे धरू नये. ओढ्याच्या मुखाशी आणि झऱ्यांच्या जागी बर्फ पातळ असतो. एकट्याने जाऊ नये, अंगात तरंगणारे जाकीट घालावे, बर्फात रोवून वर येण्यासाठी टोकदार खुंट्यांची जोडी गळ्यात अडकवावी. बर्फावरील झोपडीत शेगडी पेटविल्यास हवा खेळती ठेवावी, नाहीतर विषारी वायूने माणूस गुदमरतो.

किती पकडावेत

थवा सापडला की हात थांबत नाही. येथेच खरी कसोटी असते. साधारण २५-३० फुटांहून खोल पाण्यातून मासा वर ओढला की दाब एकदम कमी होऊन त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगते. असा मासा परत सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. म्हणून जाणता माणूस खोल पाण्यात लहान-मोठा अशी निवड करीत बसत नाही. घरी लागतील तेवढे पहिले मासे ठेवतो आणि गळ गुंडाळतो. परवाना आणि दररोजची मर्यादा हे नियम तर आहेतच.

त्याच राज्यातील रेड लेक या विस्तीर्ण तलावाचे उदाहरण बोलके आहे. तेथील वॉलाय नावाचा मोलाचा शिकारी मासा अतिमासेमारीमुळे १९९० च्या दशकात जवळजवळ संपला. त्याची जागा रिकामी होताच क्रॅपी अतोनात वाढला आणि तलावाच्या वरच्या भागात हिवाळ्यात त्याच्यासाठी लोकांची झुंबड उडाली. दरम्यान १९९९ मध्ये राज्य शासन, तेथील मूळ रहिवाशांची रेड लेक जमात आणि केंद्र शासन यांनी करार करून वॉलायची मासेमारी बंद ठेवली व पिल्ले सोडली. २००६ मध्ये ती मासेमारी पुन्हा सुरू झाली. वॉलाय वाढला तसा क्रॅपीचा तो सुकाळ ओसरला. तळ्यातील एका माशाचे गणित बिघडले की सर्वांचेच बिघडते, हे यातून दिसते.

आता आपले शेततळे

बंधूंनो, बर्फाची गोष्ट मी का सांगितली, ते आता सांगतो. मी हे सर्व पाहून गावी परतलो. आमच्या दादांचे प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे आहे, त्यात त्यांनी कटला, रोहू, मृगळ सोडले होते. मासे चांगले किलोच्या घरात आले होते. जूनमध्ये तीन दिवस आभाळ भरून राहिले, वारा पडलेला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी थंड वाऱ्यासह पाऊस झाला. सकाळी दादा तळ्यावर गेले तर मोठे मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते.

कोणीतरी तळ्यात औषध टाकले, असे दादांच्या मनाने घेतले. बांधशेजाऱ्याशी पाण्यावरून पूर्वी बोलाचाली झालेली होती, त्यामुळे संशय त्याच्यावर गेला. दोन महिने दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. मी सुटीत गेलो तेव्हा दादांना एवढेच विचारले की लहान मासे मेले होते का? ते म्हणाले, नाही, लहान बरेचसे जगले. बंधूंनो, विष असते तर लहान मासे वाचले नसते. मोठे आधी मेले, तेही पहाटे आणि ढगाळ हवेनंतर. ही प्राणवायू संपल्याची खूण आहे. दादा स्वतः शेजाऱ्याच्या घरी जाऊन आले. पण गेलेले मासे काही परत आले नाहीत, आणि मला वाईट याचे वाटले की बर्फाखालचे पाणी मोजायला शिकून आलेल्या माझ्यासारख्याने घरच्या तळ्यात एकदाही दोरी सोडली नव्हती.

तेथे बर्फावरचे हिम जे करते, तेच आपल्याकडे आभाळ करते. दोन्ही उजेड अडवतात. त्यात आपली बाजू अधिक नाजूक आहे. ४ अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालचे थंड पाणी तसेच पडून राहते. खाद्याचे अवशेष व विष्ठा तेथे कुजतात आणि तळाचा प्राणवायू संपतो. थंड पावसाने वरचे पाणी गार होऊन खाली बसते, तळाचे पाणी वर येते आणि सगळे तळे एका रात्रीत ढवळून निघते. गर्द हिरवे पाणी असेल तर रात्री शेवाळही प्राणवायू घेते. म्हणून पहाट ही सर्वांत कठीण वेळ होय.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) दोरीला वजन बांधून दर फुटाला गाठ मारावी. बूच लावलेली बाटली तिला बांधून बुचाला वेगळी दोरी लावावी. बाटली तळाजवळ नेऊन बूच ओढले की तेथील पाणी मिळते. वरच्या व खालच्या पाण्याचे तापमान, रंग आणि वास ताडून पाहावा. खालच्या पाण्याला कुजका वास असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा.

२) आठ-दहा शेतकऱ्यांनी गटाने मिळून प्राणवायू मोजण्याचे एक मीटर घ्यावे. पहाटेचे माप लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागले की सावध व्हावे.

३) आभाळ भरून आले की खाद्य कमी करावे किंवा बंद ठेवावे. एरवीही खाद्य पहाटे न देता ऊन वर आल्यावर द्यावे. हिवाळ्यात पाणी २० अंशांखाली गेले की रोहू-कटलाची भूक मंदावते. त्या काळात नेहमीचे खाद्य टाकत राहणे म्हणजे तळाशी खत साठवणे होय.

४) मासे पहाटे वर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागले तर वाट पाहू नये. पंप लावून तळ्याचेच पाणी वरून फवाऱ्याने सोडावे, ताजे पाणी उपलब्ध असल्यास तेही द्यावे. एरेटर असेल तर ढगाळ दिवसांत तो रात्रभर चालवावा.

५) महिन्यातून एकदा चाचणी जाळे टाकून माशांचे वजन घ्यावे आणि त्यानुसार खाद्य ठरवावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी राहतो, हे ध्यानात ठेवून जाळे तळापर्यंत पोहोचते ना ते पाहावे. ढगाळ सकाळी मात्र जाळे ओढू नये, कारण तळाचा गाळ ढवळतो.

६) तारीख, तापमान, खाद्य आणि माशांची वागणूक यांची वही तळ्याच्या काठीच ठेवावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मिनेसोटाच्या त्या शेतकऱ्याला पाणी दिसत नव्हते, म्हणून तो प्रत्येक वेळी मोजत असे. आपल्याला पाणी रोज दिसते, म्हणून आपण मोजत नाही. दिसते ते फक्त वरचे चार बोटे पाणी. मासा त्याच्या खाली राहतो. आज घरी गेल्यावर ओळंब्याची दोरी घ्या, तिला गाठी मारा आणि उद्या सकाळी सहाच्या आत आपल्या तळ्यात सोडा. काय आढळले ते पुढच्या वर्गाला येताना वहीत लिहून आणा.